इडवलच्या अकरा खुंट्या

सगळ्या वेल्समध्ये आहे तेच कुम्बेदू गावात आहे. निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं निम्मं जोन्सांचे व्याही. आडनावाने हाक मारावी तर चढावरच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडतात. म्हणून माणूस जे काम करतो तेच इथे त्याच्या नावाला चिकटतं. इडवल जोन्सने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, म्हणून तो ‘इडवल बस’. मग शाळा बंद झाली, बसही गेली, आणि याला आता काय म्हणावं ते दोन वर्षं गावाला कळेना. पोस्टातली बाई “कोण इडवल? हां, तो... तो आपला इडवल,” अशी अडखळली की हा घरी येऊन खुर्चीत घुम्म बसे. बायको केनवेन विचारी, “काय झालं?” हा म्हणे, “काही नाही झालं. तेच तर झालंय.”

शाळेपाठोपाठ तिची इमारत विकली गेली आणि गावाला एकत्र बसायला छप्पर उरलं नाही. एका दफनानंतरचा चहा लोकांनी टेगविनच्या मेंढ्यांच्या गोठ्यात उभ्याने प्यायला. पाद्रीबुवा दोन शब्द बोलत होते आणि मागून मेंढ्या खोकत होत्या. त्या दिवशी एलेरी म्हणाली, “आपलं सभागृह आपणच बांधू.”

एलेरी अडतीस वर्षांची. लहानपणी इडवलच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसायची, कारण वळणांवर तिला मळमळायचं. मोठी झाल्यावर ती कुठकुठल्या रानांत राहून ओल्या लाकडाचं काम शिकून आली होती. तिचं म्हणणं सोपं होतं. लाकूड आपल्या रानातलं, पेंढा आपल्या शेतातला, माती आपल्या पायाखालची. सिमेंटची एक गोणी आणायची नाही आणि लोखंडाचा एक खिळा मारायचा नाही. लोक हसले, पण शनिवारी आले. पुढच्या शनिवारीही आले. दोन वर्षांत तीसएक माणसं ताज्या तोडलेल्या लाकडाची साल काढायला, लाकडी घोड्यावर, म्हणजे पायाने लाकूड दाबून धरणाऱ्या बाकावर, बसून दोन मुठींच्या सुरीने ते तासायला, आणि पायांनी माती-पेंढा मळायला शिकली. निम्म्यांच्या कंबरा गेल्या, पण छातीएवढ्या भिंती उभ्या राहिल्या.

आणि इडवलला खुंटी सापडली.

बिनखिळ्याच्या बांधकामात सगळा भार खुंटीवर. खांब ओल्या लाकडाचा, खुंटी वाळलेल्या ओकची. खांब वाळता वाळता आवळत जातो आणि खुंटीला अशी मिठी मारतो की पुढे दीडशे वर्षं सोडत नाही. पण एक अट आहे. खुंटी फोडून काढलेली हवी. ओंडक्याच्या डोक्यावर जाड पातं ठेवायचं, वरून मोगरी हाणायची, आणि लाकूड जिथे आपणहून फाटतं तिथे फाटू द्यायचं. म्हणजे त्याची नस या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. करवतीने कापली की नस मध्येच तुटते. दिसायला खुंटी तीच, पण भार आला की काडीसारखी मोडते.

हे एलेरीने सगळ्यांना एकदाच सांगितलं होतं. इडवलने ते सगळ्यांना रोज सांगितलं. एखाद्याने खुंटी आणून दिली की हा ती उजेडात धरून डोळा बारीक करी आणि म्हणे, “करवत.” की गेली शेकोटीत. एकदा पाद्रीबुवांचीही गेली. “लाकडाशी खोटं बोलता येत नाही, बुवा,” हे वर ऐकवलं. टेगविन शाळेत याच्याच बाकावर बसलेला, आणि आता शेजारच्या शेतात मेंढ्या राखायचा. तो म्हणे, “अरे, बस चालवताना तू मुलांना इतकं छळलं नाहीस!” पण पोस्टातली बाई आता अडखळत नव्हती. “इडवल खुंटीचं पत्र आलंय बघा,” असं ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, आणि इडवल ते पत्र घरी नेताना उगीचच लांबच्या रस्त्याने जायचा.

तर अशा या इडवलने स्वतः अकरा खुंट्या करवतीने कापल्या होत्या, आणि त्या अकराही या घडीला सभागृहाच्या छपरात ठोकलेल्या होत्या.

झालं होतं ते असं. मार्चपासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशीत वाजला. केनवेन काही बोलली नाही, फक्त त्याच्या कपात चहा अर्धाच ओतायला लागली.  मग पातं ओकच्या डोक्यावर नीट टेकेना. मोगरी बसे भलतीकडे आणि खुंटी फाटे तिरकी. ऑगस्ट संपत आला तेव्हा सव्वीसातल्या पंधरा तयार होत्या आणि छप्पर चढवायचा आठवडा ठरलेला होता. पातं सटकून अंगठ्यात गेलं त्या दिवशी दुपारी इडवलने शेडचं दार आतून लावून घेतलं, जुन्या कपाटाची ओकची फळी काढली आणि करवत चालवली. हात थरथरला तरी करवत रेघ सोडत नाही. नंतर त्याने त्या अकरा खुंट्या सुरीने अशा गुळगुळीत तासल्या की पंधरा खऱ्यांपेक्षा त्याच साजऱ्या दिसाव्यात.

कुणाला सांगता आलं असतं? आलं असतं. पण मग खुंटीचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं, आणि इडवलला परत त्या खुर्चीत जाऊन बसावं लागलं असतं. एवढंच कारण होतं. रात्री ते पुरेसं वाटायचं.

शनिवारी सकाळी ते त्याला मुळीच पुरेसं वाटेना.

छप्पर कसं होतं ते सांगायला हवं. गोल कडं, त्याच्याखाली तेरा खांब, आणि कड्यावर बाहेरच्या टोकाने टेकलेले लार्चच्या लाकडाचे तेरा वासे. मध्यभागी खांब नाही. प्रत्येक वासा आधीच्याच्या खांद्यावर विसावलेला आणि शेवटचा पहिल्याच्या खाली सरकवलेला. सगळे एकमेकांना धरून उभे, आपल्या गावासारखेच, असं एलेरी म्हणायची. पण सगळे जागेवर येईपर्यंत पहिल्या वाशाला खालून टेकू लागतो. त्या टेकूला हे लोक ‘चार्ली’ म्हणत. तेरावा वासा बसला की कुणीतरी आत जाऊन मोगरीने चार्लीला उडवायचं. मग सगळं छप्पर चार बोटं खाली येतं, घट्ट आवळतं आणि पुन्हा कधी हलत नाही. बाहेरच्या टोकाला प्रत्येक वासा दोन खुंट्यांनी कड्याला जखडलेला असतो. वाशाने बाहेर घसरू नये हे काम त्या सव्वीस खुंट्यांचं.

शुक्रवारी तेरावा वासा बसला. शनिवारी सकाळी रेडिओने सांगितलं की संध्याकाळपर्यंत नैऋत्येकडून वादळी वारा सुटणार. एका टेकूवर उभं असलेलं छप्पर वाऱ्याच्या तोंडी सोडता येत नव्हतं. आज चार्ली उडवायचा, नाहीतर तेरा वासे उतरवायचे. उतरवले की ओले वासे वाळताना वाकणार, आणि दोन महिन्यांच्या खाचा एकमेकींना ओळखणार नाहीत.

“आजच,” एलेरी म्हणाली. “जेवून घ्या, की लगेच.”

केनवेनने मोठं पातेलं आणलं होतं. मटण आणि लीकच्या पातीचं सूप, त्यात बटाटे, सोबत चीजचा गठ्ठा. लोक वाडगे घेऊन ओंडक्यांवर बसले. इडवलने दोन घोट घेतले आणि वाडगा टेगविनच्या कुत्रीपुढे ठेवला.

“काय रे, तब्येत बरी आहे ना?” टेगविन म्हणाला. “माझ्या कुत्रीला तू आयुष्यात कधी हाडूक दिलं नाहीस.”

“भूक नाही.”

“मलाही नाही,” टेगविन म्हणाला. हे खरं म्हणजे जास्त विचित्र होतं, पण इडवलला त्या वेळी दुसऱ्या कुणाचं काही दिसत नव्हतं. तो वर बघत होता. कुठल्या वाशाला कुठली खुंटी, हे त्याला खालून कळत नव्हतं. ठोकायच्या दिवशी सगळ्या एकाच टोपलीत होत्या आणि ज्याच्या हाताला जी आली ती त्याने ठोकली होती.

जेवणं झाली. एलेरीने सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून लोकरीच्या टोपीत टाकली. चार्ली उडवण्याचा मान चिठ्ठीने ठरायचा. तिने डोळे मिटून एक काढली.

“टेगविन!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इडवल ताडकन उभा राहिला. टेगविनच्या डाव्या खुब्यात लोखंड बसवलेलं होतं. तो मेंढीच्या मागेसुद्धा चालत जायचा. चार्ली उडवून दोन ढांगांत बाहेर पडायचं असतं, आणि या माणसाला दोन ढांगा टाकायला शुक्रवारपासून सुरुवात करावी लागली असती.

“मी जातो,” इडवल म्हणाला.

“चिठ्ठी माझी निघालीय.”

“तुझा पाय चालत नाही.”

“तुझी जीभ चालते तेवढं पुरे आहे गावाला. चिठ्ठी माझी, जाणार मी.”

“टेगविन, ऐक माझं. मोगरी इकडे दे.”

“नाही देत!” टेगविनने मोगरी छातीशी धरली. “शाळेत रांगेत पुढे घुसायचा, आता म्हातारपणीही घुसतोय. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या नशिबाने आली, तीही तुला हवी?”

लोक हसायला लागले. दोन म्हातारे एका मोगरीला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते आणि दोघांचेही चेहरे पांढरेफटक होते. हसण्याच्या भरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी केनवेनच मध्ये पडली. नवऱ्याकडे तिने जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाली, “टेगविन, सोड. खुब्याचं कारण खरं आहे. पळता येणारा माणूस जाऊ दे आत.”

“हा पळणार?” टेगविन म्हणाला. पण हात वर करून लोकांनी मत दिलं आणि मोगरी इडवलकडे आली. टेगविन काही न बोलता बाजूला झाला. इतका गप्प टेगविन गावाने पाहिला नव्हता. रुसला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

इडवल आत शिरला आणि त्याला चक्क बरं वाटलं. छपराखाली तो एकटाच होता. वर तेरा वाशांचं चक्र, मधल्या भोकातून दिसणारं करडं आभाळ, आणि समोर चार्ली. मोडल्या तर मोडू देत खुंट्या. जे काय पडायचं ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर पडेल, हिशोब मिटेल, आणि कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. चौसष्ट वर्षांच्या शहाण्या माणसाने केलेला हा विचार होता.

“थांबा हं!” बाहेरून एलेरी ओरडली. “सगळ्यांनी बाहेरून एकेका खांबाशी जा. तळहात खांबावर ठेवा. मी शिकले तिथे असंच करतात. छप्पर बसतं ना, ते हाताला कळतं. जन्मभर विसरणार नाही तुम्ही.”

माणसं खांबांशी गेली. एकेका खांबाला दोघं-तिघं. इडवलच्या बरोब्बर समोरच्या खांबावर केनवेनने हात ठेवला.

“आणि खांब मोडला तर?” कुणीतरी विचारलं.

“खांब नाही मोडत. गेल्याच तर खुंट्या जातात,” एलेरी म्हणाली. “मग वासा बाहेर घसरतो, त्याच्यामागे दुसरा, आणि सगळं भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. मध्ये उभा असलेला एक वेळ वाचेल. बाहेरच्यांना वाशांची टोकं झोडपून काढतील.” ती हसली. “पण आपल्या खुंट्या इडवलच्या आहेत. पाद्रीबुवांची जाळली ना त्यांनी!”

सगळे हसले. बुवाही हसले.

“इडवल, तीनला! एक...”

तेरा खांबांवर तीस तळहात होते. इडवलने मोगरी उचलली, ती सवयीने, कारण एक म्हटलं की उचलायची असते.

“दोन...”

केनवेन त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या हाताकडे नाही, तोंडाकडे.

“हात काढा!” इडवल किंचाळला. एकतीस वर्षांत बसमध्येही त्याने असा आवाज काढला नव्हता. “खांब सोडा! मागे व्हा सगळे! दूर, त्या दगडी कुंपणाच्या पलीकडे!”

आपण पुढे काय बोललो हे त्याला नंतर नीट आठवेना. अकरा, एवढं आठवतं. मोगरी जमिनीवर ठेवून तो तिच्याशेजारीच उकिडवा बसला होता, हेही आठवतं. करवत, फळी, शेडची कडी, हात. हात त्याने वर करून दाखवला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो वाऱ्यातल्या पानासारखा मोकळेपणाने हलत होता.

 रानाच्या बाजूने वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि भिंतीवरची ताडपत्री फडफडली.

“बाहेर या,” एलेरी म्हणाली. आवाज बारीक होता. “आधी त्याच्याखालून बाहेर या तुम्ही.”

तो बाहेर आला. तिने त्याचे दोन्ही खांदे धरले. मिठी मारते की थप्पड, हे तिलाही ठरवता येत नसावं. “मी लोकांना खांबाला हात लावून उभं केलं होतं,” ती म्हणाली. “कळतंय तुम्हाला? मी सांगितलं म्हणून उभे होते ते. तुमच्या भरवशावर सांगितलं मी.”

“कळतंय.”

“हाताचं कधीपासून?”

“मार्च.”

“आणि तुम्हाला कधीपासून माहीत?” ती केनवेनकडे वळली.

“मार्च,” केनवेन म्हणाली. “म्हटलं, सांगेल आज ना उद्या. चुकलंच माझं.”

वाद घालायला वेळ नव्हता. छप्पर उतरवायला दिवस पुरला नसता आणि ठेवायचं तर आधी ते धरून ठेवणं भाग होतं. एलेरीने प्रत्येक वाशाला दोर बांधून तो जमिनीतल्या खुंटाला आवळून घेतला. मग शिडी लावली. “आता शोधा,” ती इडवलला म्हणाली. “तुमचा डोळा तरी थरथरत नाही ना?”

डोळा थरथरत नव्हता. खालून पाद्रीबुवा शिडी धरून होते आणि वर इडवल प्रत्येक खुंटीचं बाहेर आलेलं टोक ओल्या बोटाने पुसून बघत होता. लाकूड ओलं झालं की नस दिसते. फोडलेलीची नस सरळ आत शिरते, कापलेलीची कडेला येऊन संपते. “ही,” तो म्हणायचा. एलेरी ती ठोकून बाहेर काढायची आणि खाली टाकायची. पहिल्या वाशाला एक. तिसऱ्याला दोन्ही. दोन्ही म्हटल्यावर खालच्या घोळक्यातून एक उसासा आला. चौथ्याला एकही नाही. आठव्या वाशाशी आठ झाल्या, दहाव्याशी दहा, आणि अकराव्याला अकरावी सापडली.

“झाल्या,” एलेरी म्हणाली. “उतरा.”

“सगळ्याच बघतो,” इडवल म्हणाला. आता त्याला स्वतःचाच भरवसा नव्हता.

बाराव्या वाशाशी तो थांबला. बोट पुन्हा ओलं केलं आणि पुन्हा पुसून बघितलं.

“ही कापलेली आहे.”

“अकरा झाल्या ना पण?”

“अकराच माझ्या. ही माझी नाही. माझी तासणी अशी रानटी नसते.”

तेराव्याला आणखी दोन निघाल्या. त्या खाली पडल्या तशी शिडीभोवतीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. टेगविन मात्र समोरच्या टेकडीवर चरणाऱ्या मेंढ्यांकडे बघत होता, जशा काही त्याने त्या आजच पहिल्यांदा पाहिल्या.

“टेगविन,” इडवल शिडीवरून म्हणाला.

“काय?”

“किती?”

“तीन,” टेगविन म्हणाला. “मला फोडता येत नाहीत. दहा वेळा तुला आणून दाखवल्या, दहाही वेळा तू जाळल्यास, वर सगळ्यांसमोर ‘करवत’ म्हणून ओरडलास. मग गुपचूप टोपलीत टाकल्या मी. त्या बदल्यात चांगल्या तीन काढून खिशात घातल्या. अजून आहेत.” त्याने कोटाच्या खिशातून तीन खुंट्या काढल्या. इडवलच्याच होत्या, फोडलेल्या, वाळलेल्या. “म्हटलं, तीनांनी काय होतंय. मग आज चिठ्ठी माझी निघाली, तेव्हा म्हटलं बरंच झालं. आत मीच असलेला बरा.”

इडवल शिडीवर हसायला लागला. हसताना त्याला रडू येत होतं आणि शिडी हलत होती. “गाढवा,” तो म्हणाला. “मग मोगरी सोडलीस कशाला?”

“तू सोडत नव्हतास म्हणून! मला काय ठाऊक तू अकरा घालून बसलायस? मला वाटलं, याचं सगळं चोख, याला काय होतंय!”

एलेरी मात्र हसली नाही. तिने चौदा खुंट्या उचलून शेकोटीत टाकल्या आणि म्हणाली, “तीन परत आल्या. अकरा हव्यात. दोन वाजलेत. पाचला वारा येतो.”

त्यानंतरचे तीन तास कुम्बेदूत कुणी बसलं नाही. ओकचा ओंडका आणला गेला. इडवलच्या हाती पातं द्यायचा प्रश्नच नव्हता, आणि ते त्याने मागितलंही नाही. तो ओंडक्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि नस वाचून बोटाने दाखवत गेला. “इथे. जरा डावीकडे. आता हाण.” हाणत होता टेगविन, ज्याला फोडता येत नव्हतं.

“जोर नको लावू. ते फाटतंय, फाटू दे त्याला.”

“मला शिकवू नकोस.”

“मग कुणी शिकवायचं तुला? मेंढ्यांनी?”

पहिल्या दोन तिरक्या गेल्या. इडवल त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यानेच टेगविन घामाघूम झाला. तिसरी सरळ फुटली. तडकताना तिचा आवाज असा स्वच्छ आला की सुऱ्या चालवणारे सहाही जण मान वर करून बघायला लागले. फोडलेल्या काड्या घोड्यांवर गेल्या, तासलेल्या खुंट्या केनवेनच्या चुलीच्या भट्टीत. ती दर दहा मिनिटांनी त्या पोळीसारख्या उलटत होती. “पुरत्या वाळणार नाहीत,” ती एलेरीला म्हणाली. एलेरी म्हणाली, “आजच्या वाऱ्यापुरत्या पुरतील. पुढच्या महिन्यात एकेक काढून नीट वाळलेल्या घालू.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटची खुंटी आत गेली. रान आता वाजायला लागलं होतं. दोर सोडले. या खेपेला कुणी खांबाला हात लावला नाही. एलेरीने सगळ्यांना दगडी कुंपणापलीकडे उभं केलं, स्वतः मोगरी उचलली आणि कुणाला काही बोलू न देता आत गेली. इडवल पुढे सरकला तेव्हा तिने फक्त बोट दाखवलं. तो होता तिथेच थांबला.

मोगरीचा एक ठोका आला. मग दुसरा. चार्ली जागचा हलेना. तिसऱ्या ठोक्याला तो उडाला, एलेरी बाहेर झेपावली, आणि छप्पर खाली आलं.

चार बोटंच आलं, पण तेवढ्यात त्याने असा करकरता आवाज काढला, की जणू सगळं रान कुशीवर वळलं. वासे एकमेकांत रुतले. आवाज थांबला. इडवलने डोळे मिटले होते. मोडणाऱ्या खुंटीचा आवाज लहान असतो, बोटं मोडल्यासारखा, आणि तो वाऱ्यात ऐकू येण्यासाठी त्याने श्वास धरला होता. एक आला असता तरी बाकीचे मागोमाग आले असते. त्याने वीसपर्यंत मोजलं. मग आणखी वीस.

काही आलं नाही. छप्पर वाऱ्यात उभं होतं.

लोक आरडाओरडा करत कुंपण ओलांडायला लागले. “थांबा!” एलेरी म्हणाली. ती धापा टाकत होती आणि तिच्या केसांत भुसा होता. तिने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि इडवलपुढे धरला. अजूनही तिने त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

“सव्वीसही बघायच्या. भार आल्यावर नस उसवते का ते तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. नीट असेल तिथे फुली. तुम्ही सांगेपर्यंत आत कुणी येणार नाही.”

“मी?” इडवल म्हणाला.

“मग काय टेगविन?”

तो शिडी घेऊन गेला. टेगविनने खालून शिडी धरली.  वाशावाशाशी थांबून इडवल दोन्ही खुंट्यांवर बोट फिरवी, कान लावी, आणि मग फुली काढी. हात थरथरत होता आणि सगळ्यांना दिसत होता. फुल्या अशा वेड्यावाकड्या उमटत होत्या, की शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही मास्तरांनी त्या पुसायला लावल्या असत्या. वारा वाढत होता, लोक कुंपणाशी अंग चोरून उभे होते, केनवेनने शाल डोक्यावरून घेतली होती. कुणी घाई कर म्हणालं नाही. नवव्या वाशाशी त्याने बराच वेळ घेतला, खाली उतरला, दुसऱ्या बाजूने चढला, पुन्हा कान लावला. मग तिथेही फुली आली.

सव्विसावी झाली. तो उतरला, खडू खिशात टाकला, आणि छपराखाली मधोमध जाऊन उभा राहिला.

“या,” तो म्हणाला. “आत या सगळे.”

आणि ते आले.